वाघोलीच्या ऑलिव्हची गुटी

फोन आला तेव्हा रामदास इंगळे गॅलरीत बसून उंबराच्या बोन्सायची तार सोडवत होते. नाव पाहिलं आणि त्यांनी तो वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा आतून त्यांच्या पत्नीनं, गोदाबाईंनी विचारलं, "कुणाचा आहे?"

"वाघोलीचा," असं म्हणून त्यांनी तो उचलला.

जावयाचं नाव त्या घरात घेतलं जात नसे. घ्यायची वेळ आलीच तर दोघं 'वाघोली' म्हणत.

"बाबा, घर विकलं," सुदर्शन म्हणाला. "दिवाळीनंतर ताबा द्यायचाय. आम्ही नाशिकला चाललोय. घेणारे मागच्या अंगणात गाडीसाठी शेड घालणार आहेत. म्हणजे निकिताचं ते झाड जाणार. तुमच्या कानावर घालावं असं वाटलं."

"बरं," रामदास म्हणाले आणि फोन ठेवला.

निकिता त्यांची एकुलती एक मुलगी. रामदास बुलढाण्याकडून विशीत पुण्याला आले, नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. येरवड्यातल्या दोन खोल्यांत मुलगी वाढली, शिकली, खराडीतल्या आयटी कंपनीत लागली. लग्नानंतर वर्षभरातच तिनं आणि सुदर्शननं वाघोलीत रो-हाऊस घेतलं. रामदासांना ते पसंत नव्हतं. "रोज त्या रस्त्यानं गाडीवर ये-जा करणार? डंपर काय, टँकर काय. खराडीतच एखादा फ्लॅट बघा ना," ते म्हणाले होते. त्यावर निकिता म्हणाली होती, "सुदर्शनचा हट्ट आहे, बाबा. त्याला हेच घर हवंय."

चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती स्कूटरवरून कामाला निघाली आणि नगर रस्त्यावर पाण्याच्या टँकरखाली आली. टँकरवाल्याला जामीन मिळाला, खटला अजून चालू आहे. रामदास एकदाच कोर्टात गेले होते. तो ड्रायव्हर खाली मान घालून बाकावर बसला होता आणि त्याच्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा राग दुसरीकडेच लागला होता. अंत्यविधीच्या वेळी सुदर्शन पाया पडायला वाकला तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. ते सगळ्यांनी पाहिलं. पुढे दोन वर्षांनी सुदर्शननं दुसरं लग्न केल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हाही ते 'बरं' एवढंच म्हणाले होते.

झाड ऑलिव्हचं होतं. घर घेतलं त्या वर्षी निकितानं सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून ते आणलं, तेव्हा त्याचं खोड अंगठ्याएवढं होतं. रामदासांना बोन्सायचा नाद एम्प्रेस गार्डनच्या एका प्रदर्शनात लागला होता. गॅलरीत वड, उंबर, चिंच अशी पंधरा-वीस झाडं त्यांनी वितीएवढी राखली होती. ऑलिव्ह पाहून ते म्हणाले होते, "मला दे. याचं बोन्साय सुरेख होतं." निकितानं दिलं नाही. "तुम्ही झाडांना उपाशी ठेवता, बाबा," ती हसून म्हणाली होती. "हे जमिनीत जाणार."

फोन आला त्या रविवारी ते बसनं वाघोलीला गेले. गोदाबाईंनी डबा भरून दिला, पण त्या आल्या नाहीत. "झाड आणून काय करणार आहात?" एवढंच त्या म्हणाल्या.

दार सुदर्शनच्या बायकोनं, श्रद्धानं उघडलं. रामदासांनी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिनं पाणी दिलं, 'काका' म्हणाली आणि त्यांना थेट मागच्या अंगणात घेऊन गेली. सुदर्शन बँकेच्या कामासाठी बाहेर गेला होता, किंवा मुद्दामच गेला असेल.

झाड भिंतीच्या वर गेलं होतं. खोड मांडीएवढं झालं होतं. पानं वरून हिरवी, खालून राखाडी. वारा आला की सगळं झाड रंग बदलायचं. रामदास खोडाभोवती फिरले, वाकून बघितलं. झाड कंपाउंडच्या भिंतीला चिकटूनच वाढलं होतं आणि मुळं ड्रेनेजच्या चेंबरखाली शिरली होती. खणून काढायचं तर शेजाऱ्याची भिंत आणि चेंबर दोन्ही गेलं असतं.

"याला फुलं येतात, पण फळ धरत नाही," श्रद्धा म्हणाली.

"इथल्या हवेत धरायचंही नाही."

"तुम्हाला फांदी न्यायची असेल तर न्या, काका. कापून लावली तर लागेल का?"

"जाड फांदी नुसती कापून लागत नाही. गुटी बांधावी लागेल. झाडावर असतानाच फांदीला मुळं फुटू द्यायची आणि मग उतरवायची."

पुढच्या रविवारी ते सामान घेऊन आले. मनगटाएवढ्या जाडीच्या दोन फांद्या त्यांनी निवडल्या. एक सरळ होती. दुसरी भिंतीवर आपटून वाकलेली, जन्मभर वारा खाल्ल्यासारखी. बोन्सायसाठी तीच खरी. त्यांनी चाकूनं फांदीभोवती दोन बोटं रुंदीची साल बांगडीसारखी काढली, आतलं पांढरं लाकूड लागेपर्यंत खरवडलं. हिरवा पापुद्रा राहिला तर झाड जखम भरून काढतं आणि मुळं सोडतच नाही. मग मुळं फुटायची पावडर लावली, ओलं शेवाळ मुठीत पिळून जखमेभोवती थापलं, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळली. श्रद्धा पायरीवर बसून बघत होती.

"असं केल्यानं झाडाला वाटतं तरी काय?" तिनं विचारलं.

"वरून खाली जाणारं अन्न तिथंच अडतं. खालचं पाणी मात्र वर जात राहतं. फांदीला वाटतं आपण सुटलो. मग ती जगायची धडपड करते."

श्रद्धा म्हणाली, "पहिल्या वर्षी मला वाटायचं, हे झाड नसतं तर बरं झालं असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारखं दिसायचं. मग सवय झाली. उन्हाळ्यात मीच पाणी घालायचे."

रामदासांनी चाकू पुसला.

पावसाळाभर ते रविवारी जात राहिले. श्रद्धा चहा करायची, सुदर्शन घरात असला तर दारात येऊन 'बरं आहे ना, बाबा?' विचारायचा आणि आत जायचा. खारीनं सरळ फांदीची गुटी फाडली आणि शेवाळ वाळून गेलं. ती गेली. वाकड्या फांदीवर मात्र गणपतीनंतर प्लास्टिकच्या आतून पांढरी टोकं दिसू लागली, तांदळाच्या दाण्याएवढी. रामदासांनी चष्मा काढून पुन्हा पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन ते गोदाबाईंना म्हणाले, "मुळं धरली."

"धरू दे," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

पण मुळं अजून कोवळी होती. दिवाळीपर्यंत फांदी झाडावर राहायला हवी होती. इतक्यात घर घेणाऱ्या रावसाहेबांनी किल्ली लवकर मागितली. दिवाळीच्या पाडव्याला वास्तुशांत करायची होती, त्याआधी काम उरकायचं होतं. सुदर्शननं जवळच भाड्यानं फ्लॅट घेतला आणि दसऱ्याच्या आधीच किल्ली दिली. झाडाचं त्यानं रावसाहेबांच्या कानावर घातलं होतं. रामदासांनीही रावसाहेबांना फोन केला. "शेडचं काम शेवटी आहे," ते म्हणाले. "तुमची फांदी उतरल्याशिवाय झाडाला हात लावणार नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी कुणाचा तळतळाट कशाला घेऊ?"

माणूस खोटं बोलला नव्हता. पण फरशीचा टेम्पो मागे घालायचा होता आणि वाटेत झाड होतं. ठेकेदाराच्या माणसांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

रामदास रविवारी गेले तेव्हा अंगणात बुंधा उरला होता. फांद्या भिंतीशी ढीग करून टाकल्या होत्या, त्यावर सिमेंटची रिकामी पोती. त्यांनी पोती बाजूला केली. ढिगाच्या तळाशी वाकडी फांदी सापडली. प्लास्टिक अजून बांधलेलं होतं. कुणाचा तरी पाय पडून गुटी एका बाजूनं चेपली होती. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली.

सुदर्शन फाटकातून आत आला. रावसाहेबांनी त्याला फोनवर कळवलं होतं आणि तो धावतपळत आला होता. "बाबा, मला आत्ता समजलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं."

रामदास मान वर न करता म्हणाले, "आधी हट्टानं हे घर घेतलंत. मुलगी त्या रस्त्यावर गेली. आता घर विकलंत, झाडही गेलं. तुमचं सगळं व्यवस्थित चाललंय, सुदर्शनराव."

फरशी बसवणारी माणसं हात थांबवून बघू लागली. सुदर्शन जवळ आला आणि बुंध्यापाशी उकिडवा बसला.

"घर मी घेतलं नाही, बाबा," तो हळूच म्हणाला. "मी खराडीतला फ्लॅट पक्का करत आणला होता. निकितानं हे पाहिलं आणि हटूनच बसली. तिला मागचं अंगण हवं होतं. मी रस्त्याचं म्हटलं, तर म्हणाली, सगळं पुणं गाडीवर फिरतं."

"ती मला म्हणाली, तुमचा हट्ट आहे."

"तुम्ही तिला नको म्हटलं असतं तर तिला तुमचा शब्द मोडवला नसता. म्हणून माझं नाव सांगितलं. मला म्हणाली, बाबांची दोन बोलणी तू खा, माझ्यासाठी."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? ती गेल्यावर तिच्यावर ढकलायचं?"

रामदास उठले, फांदी ओल्या पोत्यात गुंडाळली. सुदर्शन सोडायला येतो म्हणाला. 'नको' म्हणून ते रिक्षानं घरी आले.

घरी त्यांनी प्लास्टिक सोडलं. अर्धी मुळं तुटली होती, उरलेली पिवळी पडली होती. वरचा पसारा छाटून फांदी त्यांनी पसरट कुंडीत लावली, सावलीत ठेवली, वरून पिशवी घातली. हात चालू असतानाच त्यांनी विचारलं, "ते घर निकितानं पसंत केलं होतं. तुला ठाऊक होतं?"

गोदाबाई दारात उभ्या होत्या. "होतं," त्या म्हणाल्या. "मला तिनं तेव्हाच सांगितलं होतं."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुमचा राग त्याच्यावर होता म्हणून तुम्ही उभे होतात. मी पाहत होते ना. तो काढून घेतला असता तर तुम्ही तिच्यावर रागावला असतात. मला ते ऐकायचं नव्हतं."

"त्या पोरानं उगाच सोसलं."

"हो," त्या म्हणाल्या. "ते पाप माझ्याकडे."

त्यानंतर दोघं जेवायला बसले, जेवले नाहीत.

फांदी हिरवी राहिली. दिवाळी झाली, थंडी पडली, एकही पान गळलं नाही. रामदास रोज सकाळी पाणी फवारायचे, कुंडी उन्हाच्या कवडशात सरकवायचे. शेजारच्या तनुजाताई येऊन म्हणाल्या, "छान लागलं की हो झाड." तेही हो म्हणाले. नवीन पालवी मात्र दिसत नव्हती. थंडीत वाढ थांबते, असं ते स्वतःलाच सांगत.

संक्रांतीनंतर एके दिवशी गोदाबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. जाता जाता त्यांचा हात पानांना लागला. पानं कागदासारखी वाजली.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे गेलंय."

"हिरवं आहे."

"हात लावून बघा."

त्यांनी नखानं साल खरवडली. आत तपकिरी होतं. आणखी खाली खरवडलं, तिथंही तसंच. ऑलिव्हची पानं मेल्यावरही कित्येक दिवस फांदी सोडत नाहीत, हे ते जाणून होते. तरी रोज पाणी घालत होते. त्यांनी कुंडी उलटी केली. मुळं हाताला लागताच तुटली. गोदाबाईंनी खाली कागद पसरला, दोघांनी मिळून माती गोळा केली. त्या वेळी रामदास रडले. निकिता गेल्यावर ते पहिल्यांदाच रडले. गोदाबाईंनी त्यांच्या पाठीवर मातीचा हात ठेवला आणि तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाशिकला फोन लावला. श्रद्धानं उचलला, विचारपूस केली, फोन सुदर्शनकडे दिला.

"बोला, बाबा."

"झाड गेलं."

"कधी?"

"नक्की सांगता येत नाही."

रामदासांनी पुष्कळ जुळवून ठेवलं होतं, त्यातलं ते म्हणाले, "सुदर्शनराव, त्या दिवशी मी पाय मागे घेतले. तसं करायला नको होतं."

"राहू द्या, बाबा."

"राहू द्या कसं?"

"खरंच राहू द्या," सुदर्शन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "आता इथं जरा बरं चाललंय. मला मागचं पुन्हा काढवत नाही. तब्येत सांभाळा. आईंना नमस्कार सांगा."

रामदासांनी नमस्कार सांगितला. गोदाबाईंनी 'येईल का कधी?' असं विचारलं नाही. सणासुदीला सुदर्शनचा मेसेज येतो, रामदास उत्तर देतात. फोन कुणी करत नाही. खटल्याची पुढची तारीख एप्रिलची आहे. या वेळी आपणही कोर्टात येणार, असं गोदाबाईंनी सांगून ठेवलं आहे.