अस्वल पयले सांगते

माही सासू रुखमाबाई म्हने, "रानातलं कोनतंच जनावर चोर नाई वं. पयले सांगते, मंगच मारते. न सांगता मारते तो मानूस." लगन होऊन नवीन आली तवा मले हे ऐकून हसू आलं होतं. अस्वल काय गावचा कोतवाल हाये, दवंडी पिटाले?

आमचं गाव वडशापासून पाच कोस. तीन बाजूनं जंगल, एका बाजूनं तलाव. आमी ढिवर. तलावातले मासे, धानाच्या दोन बांध्या, अन् चैत्र लागला का मोहफुलं. मोहं वेचाले झुंजुमुंजू होताच निघा लागे, कारन फुलं पहाटंच झडतात, अन् अस्वलालेबी तेच पायजेत. म्हनून आमच्यात एक रीत होती. सात-आठ बायांची ओळ, अन् ओळीच्या पुढं एक बाई. तिले आमी 'पुढची' म्हनो. तिनं दर दहा पावलांवर मोठ्यानं खाकरायचं, म्हंजे जनावराले कळे का मानूस येऊन राह्यला. बाकीच्यांनी मात्र चूं करायचं नाई, कारन पुढची कान देऊन चाले. तिनं हात वर केला का सगळ्या थांबायच्या. पंधरा वर्सं पुढची रुखमाबाईच होती. तिच्या दोन कानांवर आमचे सगळ्यांचे जीव होते म्हना ना.

मले तिनं एकेक शिकवलं. सायाळ दिसली अन् पाठ फिरवून काटे खुळखुळवाले लागली, तं भिऊन पळून राह्यली असं समजू नको, ते काटे तुह्याकडं केले तिनं. घोनस लोहाराच्या भात्यावानी सूं करते, तवा पाय हाये तिथीच ठेव. चितळ वाघाकडं पाहून पाय आपटते, म्हंजे त्याले सांगते का मी तुले पायलं, आता लपून काय फायदा.

एक दिवस बाईनं, सासूले मी बाईच म्हनो, रुईच्या झाडावर पिवळा-निळा टोळ दाखवला. हिरवे टोळ पानात लपतात, हा नवरदेवावानी नटून उघड्यावर बसलेला.

"हा काऊन लपत नाई वं बाई?" मी विचारलं.

"कायले लपन? रुईचा चीक खाऊन अंगानं कडू झाला तो. ज्या पाखरानं एकदा तोंडात घेतला, ते दुसऱ्यांदा चोच नाई लावत. रंग पायलाच का समजते."

मले काही पटलं नाई. मी दोन दिवस शेन थापाच्या बहान्यानं त्या रुईपाशी बसली. खरंच कावळा आला, मान वाकडी करून टोळाकडं पायलं, अन् गेला उडून! मी धावत घरी येऊन बाईले सांगतलं, तं ती म्हने, "शेन किती थापलं ते सांग."

अशी आमची चांगली जमत होती. पन माहा राग! तवा बी नाकावर होता, आता बी हाये. जवा आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या संक्रांतीची गोष्ट. माहा भाऊ, पोचू नाव त्याचं, माहेरून भेटाले आला होता. जाताना मी त्याले टोपलीभर सुके झिंगे बांधून देले. बाई तापातून नुकतीच उठली होती. तिनं रिकामी टोपली पायली अन् भडकली, "सारं घर धुवून दे माहेराले!" तं मी अंगनात उभी राहून, हात नाचवून म्हनली, "तुमाले अस्वलानं नेलं ना, तं मी डोळ्यातून टिपूस काढनार नाई!"

बोलून गेली अन् मलेच कसंतरी झालं. बाईनं माह्याकडं पायलं अन् घरात गेली. त्या दिवसापासून माह्या बोलन्याले उत्तर नाई. मागून हाक मारा, "बाई, जेवाले या," तं ती आपली जाळं विनतच राहे. मी म्हनली, धरला वाटते अबोला! ठीक हाये, माह्याबी जिभेले कुलूप लावता येते. डोमा, माहा नवरा, तिच्यासंग बोले तं त्याले बरोबर उत्तर भेटे, ते पाहून माही अजून आग होये. हे नाई समजलं, का डोमा जन्माचा ओरडून बोलनारा, अन् बोले तो तिच्या तोंडासमोर उभा राहून.

बाईचे कान गेले होते. त्या तापातच गेले. तिनं कोनाले सांगतलं नाई. झाकली मूठ सव्वा लाखाची! सांगतलं असतं तं पुढचं चालनं सुटलं असतं, अन् अंगनात वाळत्या मोहांवरच्या बकऱ्या हाकत बसा लागलं असतं. तिच्यासारख्या बाईले ते मरनच होतं. म्हनून चैत्र लागला अन् ती पयल्यासारखीच पुढं निघाली. कानांचं काम डोळ्यांनी करून राह्यली होती. खाकरे बी, पन आता ते खाकरनं लहान झालं होतं, अन् तिले स्वतःले कळत नव्हतं.

त्या सकाळी आमी सात जनी होतो. अबोला म्हनून मी सगळ्यात मागं. मोठ्या मोहाखाली पांढरी रास पडली होती. बाई वाकून वेचाले लागली, अन् वारुळाच्या मागून आवाज आला, 'हुफ्!'

आमी सगळ्या जागीच थांबलो. बाईचा हात कवा वर जाते, त्याची वाट पाहत. हात गेलाच नाई. ती वेचतच पुढं सरकली, वारुळाकडंच. पुन्हा 'हुफ्!' माह्या समोर बुधरी होती, आमची शेजारीन. तिनं तोंडात पदर कोंबला, पन बोलली नाई. कोनीच नाई. पुढचीच्या मागं चूं करायचं नाई, ही रीत! अन् आमाले वाटे, बाईले ऐकू आलं असन, तिले समजते.

मंग अस्वली दोन पायांवर उभी राह्यली. पाठीवर पिल्लू. बाईपासून वीस पावलं बी नाई.

"बाईऽऽ!" रीत गेली चुलीत, मी बोंबलली. तिनं मान बी हलवली नाई. अवं माय, तवा माह्या डोक्यात उजेड पडला. अबोला नाई हा! हिले ऐकूच येत नाई! अन् माहेच शब्द माह्या कानात घुमाले लागले, अस्वलानं नेलं तं.

धावून पोचनं होत नव्हतं. मी खालचं ढेकूळ उचललं अन् दातओठ खाऊन सासूच्या पाठीत हानलं.

बाई फनफनत वळली. माहं तोंड पायलं. मी दोन्ही हात वर करून अस्वलावानी उभी राह्यली, अन् बोट दाखवलं. तिले तेवढं पुरं झालं. पळाली नाई. हळूच अस्वलीकडं तोंड केलं, नजर खाली घातली, अन् एकेक पाऊल मागं मागं सराले लागली. अस्वली चार ढांगा धावून आली अन् थबकली. फुसफुसली, जमिनीवर पंजा मारला. बाई आमच्यापाशी येऊन लागली तवा अस्वली वळली अन् पिल्लू घेऊन झाडीत गेली.

बुधरी माह्यावर उसळली, "अवं, सासूले ढेकूळ मारते?" बाईनं आमच्या हलत्या तोंडांकडं आळीपाळीनं पायलं. मंग स्वतःच म्हनली, "माहे कान गेले. तुमचे जीव टांगनीले लावले मी. उद्यापासून माही सून गोकुळा पुढं चालन."

 मंग बुधरीच म्हनली, "घ्या! कानामागून आली अन् तिखट झाली!" अन् सगळ्या हसल्या. बाईले ऐकू नाई आलं, पन आमाले पाहून ती बी हसली.

घरी आल्यावर मी जवसाचं तेल गरम करून तिच्या पाठीले लावलं. ढेकळाचं चांगलं टेंगूळ आलं होतं. माहं रडनं काही थांबेना. तिच्या समोर येऊन बसली अन् जोरानं विचारलं, "संक्रांतीले मी बोलली, ते बी ऐकू नाई आलं?"

"नाई. पन पायलं ना. अस्वलीवानी हात वर करून उभी होतीस अंगनात. मी म्हनलं, उभी राह्यली म्हंजे चावाची नाई." तिनं माह्या तोंडाकडं नीट पायलं. "काय म्हनली होतीस वं?"

खोटं बोलता आलं असतं. नाई बोलली. एकेक शब्द तिच्या डोळ्यासमोर मोठ्यानं सांगतला.

रुखमाबाईनं पदरानं माहं नाक पुसलं, लहान पोरीचं पुसतात तसं. अन् म्हनली, "आज तं नेलं बी नाई वं, अन् पाह्य किती रडून राह्यली!"