झोपेची नोंदवही

माझा मामा शाळेत घंटा वाजवतो. एकतीस वर्षं झाली. तसा तो शिपाई आहे. खडू वाटणं, हजेरीपट या वर्गातून त्या वर्गात नेणं, गुडघा फुटलेल्या पोराला नळापर्यंत पोचवणं हे सगळं त्याच्याच गळ्यात असतं. पण काय करता विचारलं तर एकच उत्तर, "मी घंटेवर असतो." सीमेवर असतो म्हणावं, तशा सुरात. पोरं त्याला टोलकाका म्हणतात. जिन्याखाली पितळेची जाड थाळी टांगलेली आहे, शेजारी लाकडी मोगरी आणि एक स्टूल. तास चाळीस मिनिटांचा. एकोणचाळिसाव्या मिनिटाला मामा उठतो, सदरा खाली ओढतो आणि मोगरी हातात घेऊन उभा राहतो. तेव्हा त्याच्याशी बोललेलं त्याला चालत नाही.

असा माणूस गेल्या वर्षी झोपेला मुकला.

निमित्त एका पुठ्ठ्याच्या खोक्याचं. शाळेनं विजेवर चालणारी घंटा आणली. आपोआप वाजणारी, चुकायचा प्रश्नच नाही. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "राहू दे सध्या कपाटावर. टोलकाका आहेत तोवर कशाला?" त्यांनी हे प्रेमानं म्हटलं होतं. मामानं मात्र त्यातलं 'तोवर' तेवढं उचललं आणि घरी आणलं.

"म्हणजे मी चुकलो की खोकं उघडणार," तो मामीला म्हणाला.

"एकतीस वर्षांत किती वेळा चुकलात?"

"एकदाही नाही."

"मग झोपा."

पण झोपणार कसा? मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडे राहत होते, बाहेरच्या खोलीत. मधल्या दाराला कडी नव्हती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. दिवा लागल्याचा खट्ट, मग मामीचं "अहो", मग मामाचं "काही नाही, वेळ बघत होतो." पुन्हा अंधार. पुन्हा खट्ट. चौथ्या रात्री मी सहज हिशेब केला आणि मला हसू आवरेना. मामा दर चाळीस मिनिटांनी उठत होता.

सकाळी त्याला सांगितलं. तो हसला नाही. "बरोबर आहे," म्हणाला, "तास तेवढाच असतो."

मग उपाय सुरू झाले. न्हाव्यानं डोकं रगडून दिलं. शेजारच्या काकूंनी गरम पाण्यात पाय बुडवायला लावले. गणिताच्या सरांनी सांगितलं, हजारापासून उलटे आकडे मोजा, तीनशेच्या आत कोणी पोचत नाही.

"पोचलात का?" सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"दोनदा शून्यावर आलो," मामा म्हणाला. "सर, तुम्ही पोरांना पण असंच काही शिकवता का?"

विनोद करत होता तोवर ठीक होतं. पुढे तेही थांबलं. डोळ्यांखाली काळं आलं. दुपारी शाळेतून आला की 'पाठ टेकतो' म्हणून दोन-दोन तास पडून राहायचा, आणि जागं राहायला दिवसभर चहा. मामी शिवणकाम करता करता मशीनवरून बघत राहायची, पाय थांबवायची, मग पुन्हा चालवायची.

आणि सहामाही परीक्षेच्या गणिताच्या पेपरला ते झालं. मामाला स्टुलावर डुलकी लागली. मिनिटभराची असेल. दचकून उठला तेव्हा त्याला वाटलं, अर्धा तास गेला. ज्यानं एकतीस वर्षं तीनदा घड्याळ बघितल्याशिवाय मोगरी उचलली नव्हती, त्यानं घड्याळाकडे न बघता शेवटची घंटा दिली. वीस मिनिटं आधी. पेपर गोळा झाले, मग आरडाओरड झाली, मग पेपर परत वाटले. कुणाचा कुणाला गेला. एक मुलगी रडत म्हणाली, "काका, तुम्हीसुद्धा?" ते 'सुद्धा' मामा घरी आल्यावर कितीदा तरी म्हणाला.

बाईंनी त्याला खोलीत बोलावलं. खोकं कपाटावरून टेबलावर आलेलं होतं.

"पंधरा दिवस घंटा क्लार्क देतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोप दुरुस्त करून या. नाहीतर मला हे लावावं लागेल. पालकांना काय सांगू मी?"

"बरोबर आहे, बाई."

"टोलकाका, मला हे नकोय. डॉक्टरकडे जा."

डॉक्टर तरुण होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं सगळं नीट ऐकलं. दुपारचं पडणं बंद, चारनंतर चहा बंद. रात्री डोळे मिटायला लागल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. झोप आली नाही तर तळमळत राहायचं नाही, उठून काहीतरी कंटाळवाणं काम करायचं. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं.

"आणि काका, एक वही करा," ती म्हणाली. "किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली. आठवडाभर लिहा."

डॉक्टरनं कुठल्या माणसाला वही करायला सांगितली, हे तिला ठाऊक नव्हतं. मामानं पट्टीनं रकाने आखले. दिनांक, झोप लागल्याची वेळ, जाग आल्याची वेळ, शेरा. मनगटावरचं घड्याळ उशाशी, पेन कानावर, वही छातीवर. आठवड्यानं आम्ही दोघं ती वही घेऊन गेलो. डॉक्टरनं पहिलं पान मोठ्यानं वाचलं.

"दहा चाळीस, झोप लागत आहे असे वाटले. दहा एकेचाळीस, नोंद करण्यासाठी उठलो. अकरा वीस, पुन्हा लागत आहे असे वाटले. अकरा एकवीस..." तिनं वही खाली ठेवली. "काका, हे काय आहे?"

"तुम्हीच म्हणालात, झोप लागल्याची वेळ लिहा."

"अहो, पण सकाळी. अंदाजे."

"अंदाजे?" मामा माझ्याकडे बघून म्हणाला. 'अंदाजे' हा शब्द त्याला शिवीसारखा लागला होता.

डॉक्टरला हसू फुटलं, पण तिनं ते ओढणीत लपवलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "काका, झोप लागते तेव्हा बघायला कुणी नसतं. तुम्ही पहाऱ्यावर बसलात तर ती येईल कशी? घरात घड्याळ दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. रात्रीपुरतं."

घरी आल्यावर मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

"काय?"

"घड्याळ. आता शाळेची घंटा तुमची, घरची माझी."

मामानं घड्याळ काढलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. मामीनं ते शिलाई मशीनच्या खणात टाकलं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या खोलीत आलं.

"साडेपाचला मी उठवीन," ती म्हणाली. "कात्रीनं पेल्यावर तीन टोले देईन. टोले पडेपर्यंत किती वाजले ते विचारायचं नाही."

"तू उठशील?"

"एकतीस वर्षं तुमच्या आधी कोण उठतंय?"

"आणि चुकलीस तर?"

"चुकले तर चुकले. मला कुठं पेपर गोळा करायचेत."

पहिल्या रात्री मामा तळमळला. मग सांगितल्याप्रमाणे उठून बाहेर आला. मामीनं आधीच कंटाळवाणं काम काढून ठेवलं होतं. बटणांचा डबा. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात तो बटणं निवडत बसला.

"मामा, किती वाजले असतील रे?" मी मुद्दाम विचारलं.

"तुझ्या खोलीत घड्याळ आहे, मला कशाला छळतेस?" आणि जरा वेळानं, "किती वाजले?"

"सांगणार नाही."

"घरभेदी," म्हणाला आणि चार भोकांचं एक बटण माझ्याकडे भिरकावलं.

तिसऱ्या रात्री अर्धा डबा झाला. पाचव्या रात्री मूठभर. आठव्या रात्री तो बाहेर आलाच नाही. तरी त्याचा विश्वास बसत नव्हता. "ही थकल्याची झोप आहे," म्हणायचा, "घंटेवर गेलो की पुन्हा जाईल."

सोमवारी तो घंटेवर परत जाणार होता. शाळा साडेसातची. आणि सोमवारी पेल्यावर टोले पडलेच नाहीत.

मला जाग आली तेव्हा माझ्या खोलीतलं घड्याळ सव्वासात दाखवत होतं. मी आत धावले. दोघंही गाढ. मामा तोंड उघडं टाकून घोरत होता, मामी खाटेच्या कडेला, कात्री हातात धरून. मागाहून कळलं, ती तीन वाजेपर्यंत जागी होती. मामा झोपतोय की नाही ते बघायला.

पुढची दहा मिनिटं नुसती पळापळ. मामाच्या सदऱ्याचं एक बटण वरच्या काजात गेलं होतं. तो धावत सुटला आणि त्याचा चष्मा घेऊन मी मागे. शाळेत पोचलो तर अख्खं मैदान पोरांनी भरलेलं, कोणी वर्गात गेलेलं नाही. जिन्याखाली मोठ्या बाई उभ्या, हातात मोगरी. क्लार्क शेजारी, हाताची घडी घालून.

"मी देऊ का म्हटलं, तर नको म्हणाल्या," क्लार्क पुटपुटले.

बाईंनी मामाकडे नखशिखांत बघितलं. "किती वाजले, टोलकाका?"

मामानं मनगट वर केलं. तिथं नुसता पांढरा पट्टा. घड्याळ मशीनच्या खणात राहिलं होतं.

"माहीत नाही, बाई."

"झोपला होतात?"

"हो."

"किती तास?"

मामानं विचार केला. खरोखर केला, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. "तेही माहीत नाही," म्हणाला.

 बाईंनी मोगरी त्याच्या हातात दिली. "मग लागली तुम्हाला झोप. द्या घंटा."

शाळा चार मिनिटं उशिरा भरली आणि मामाच्या हट्टापायी चार मिनिटं उशिरा सुटली, कारण तास चाळीस मिनिटांचाच असतो. पोरांनी आठवडाभर त्याला छळलं. खोकं अजून बंद आहे. ते जिन्याखाली आलंय आणि मामा त्यावर जेवणाचा डबा ठेवतो.

त्या रविवारी मी उठले तर मामा स्वयंपाकघरात एकटाच बसला होता. समोर पेला, कात्री, आणि चहा अजून केलेला नाही.

"लवकर उठलास?"

"हळू बोल. ती झोपलीय."

"किती वाजले?"

"घड्याळ मशीनच्या खणात आहे आणि मशीन तिच्या उशाशी," मामा म्हणाला. त्यानं कात्री उचलून फळीवर ठेवून दिली. "उठली की बघू."