विचारून केलेली चोरी

नागपूरच्या मे महिन्यात आमच्या ऑफिसात गारवा मिळायची जागा एकच होती, संगणकाची खोली. यंत्राला उकडू नये म्हणून तिथे एसी आणि आम्हा माणसांना वाळ्याचा कूलर. दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी होती. तिच्याखाली चपला काढून सगळं ऑफिस काही ना काही निमित्तानं आत येऊन बसायचं. दुपारी तर चपलांच्या ढिगावरून एखाद्या घरी सत्यनारायण आहे असं वाटावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या या खासगी कंपनीत मी आकडे टाइप करायला तात्पुरती लागले होते. संगणकाची निगराणी करायला एक कायमची जागा निघणार असं कळलं आणि मी हट्टालाच पेटले. मला ती हवीच होती. आमचे साहेब पुण्यात शिकलेले, बोलणं एकदम छापील. ते म्हणाले, "निगराणी कसली करणार तुम्ही? आपली यंत्रणा अभेद्य आहे. प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड दिलाय."

माझी जीभ आधी चालते, डोकं मागून येतं. "मी आत शिरून दाखवते," म्हटलं.

साहेब हसले. आठवड्याभरात त्यांच्या स्वतःच्या खात्यात शिरले तर जागा माझी, नाहीतर परत टायपिंगला. मी म्हटलं, "साहेब, हे लिहून द्या. उद्या चोर ठरायची मी." त्यांनी दिलं. हॅकर हा शब्द तोवर आमच्या कानावरसुद्धा आला नव्हता. पुढची सगळी वर्षं मी याच धंद्यात काढली आणि त्यातला पहिला नियम, आधी लेखी परवानगी, मात्र त्या दिवशी निव्वळ भीतीपोटी पाळला गेला.

घरी आईनं कपाळावर हात मारला. ती माझ्यासाठी स्थळं पाहत होती. शेजारणीनं विचारलं तर सांगती झाली, "माही पोरगी चोऱ्या करून राहिली, पन परवानगी काढून. आता कोन करते हिच्याशी लगन!"

बाकीच्यांचे पासवर्ड म्हणजे पोरखेळ होता. टायपिस्टबाईंचा रामटेक, कारण माहेर तिथलं. हिशेबनीसकाकांनी तर स्वतःचा पासवर्ड खोलीभर सांगून ठेवलेला. काहून म्हणून विचारलं तर म्हणाले, "सगळ्यायले मालूम असला म्हनजे चोरी झाली त सगळेच साक्षीदार!"

साहेब मात्र पक्के. परीक्षेत पाटी झाकणाऱ्या पोरासारखा डावा हात आडवा धरून टाइप करायचे. मला नुसता आवाज ऐकू यायचा, पाच बारीक टकटक आणि मग एंटरचा धप्पा. पाच अक्षरं, एवढंच हाती लागलं. मी त्यांच्या पत्नीचं नाव टाकून पाहिलं, देवांची नावं टाकली, संस्कृत शब्द टाकले. लागोपाठ तीनदा चुकलं की टर्मिनल बंद पडायचं आणि ते सुरू करायला साहेबच लागायचे. ते केबिनमधून येत, अगदी गोड आवाजात म्हणत, "काय, प्रयत्न सुरू आहेत ना?" अस्सा राग यायचा! आठवडा संपत आला तशी टायपिंगची ती जुनी खुर्ची मला स्वप्नात दिसायला लागली.

शेवटच्या दिवशी साहेबांच्या केबिनमधल्या कूलरची मोटर जळाली. दार सताड उघडं ठेवून साहेब घाम पुसत बसले होते, तेवढ्यात गावाहून, जवळच्या उमरेडहून, त्यांच्या आईचा ट्रंक कॉल आला. ट्रंक कॉल म्हणजे ओरडणं आलंच, त्याशिवाय पलीकडे ऐकूच जायचं नाही. बाकी मंडळी संगणकाच्या खोलीत दार लावून गारव्याला बसलेली, बाहेर मी एकटीच. आमचे छापील साहेब फोनमध्ये ओरडले, "काहून वं माय? दवाई काहून नाही घेतली? काहून?"

मी जागच्या जागी थिजले. ऑफिसात आम्ही कोणी 'काहून' म्हटलं की हेच साहेब 'का' म्हणून दुरुस्त करायचे. चारचौघांत जो शब्द माणूस तोंडातून निघू देत नाही, तो कुलपाला लावायला किती छान! शिवाय इंग्रजीत लिहिला की अक्षरं बरोबर पाच.

मी आत जाऊन टाइप केलं. उघडलं! मला नाचावंसं वाटत होतं. पण कशालाही हात लावला नाही, फक्त एक ओळ लिहिली : साहेब, आत येऊन गेले, काही हलवलं नाही.

थोड्या वेळानं साहेब टर्मिनलपाशी आले. ओळ वाचून त्यांचा चेहरा पडला. आता मला खरंच भीती वाटली. जागेसाठी नव्हे, त्यांच्यासाठी. पुण्यापासून इतकी वर्षं जपलेलं काहीतरी आपण चारचौघांत उघडं पाडतोय की काय? ते माझ्या खुर्चीशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "कोणता होता, सांगा."

मी तितक्याच हळू सांगितला. दुसऱ्या कुणाच्या कानी पडला नाही.

साहेब म्हणाले, "तुले समजलं कसं?"

पहिल्यांदाच माझ्याशी तसं बोलले. मीही म्हटलं, "तुमच्या मायनं सांगतलं."

ते असे खदखदून हसले की हिशेबनीसकाकांच्या हातातला चहा सांडला. "जागा तुमची," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा छापील सुरात म्हणाले. मग नवा पासवर्ड टाकायला बसले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता कोनता ठेवू?"

"थो मले नका सांगू, साहेब."

"काहून?" साहेब बोलून गेले.

आम्ही दोघंच पोट धरून हसत राहिलो. बाकीच्यांना अजून ठाऊक नाही, त्यात हसण्यासारखं काय होतं.