नथूकाकांचं झकास

पहिला घास तोंडात जायच्या आधीच नथूकाका ‘झकास’ म्हणून मोकळे व्हायचे. आमचे रामवाडीतले शेजारी. जन्मभर रोह्याच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम केलं, तिथल्या कॅन्टीनची आमटीसुद्धा त्यांना झकास लागायची. आईने एकदा साखरेऐवजी चुकून मीठ घातलेला चहा दिला, तर कप रिकामा करून म्हणाले, “झकास हाय गो वयनी.” त्यांचे वडील जेवण आवडलं नाही की ताट भिरकावून द्यायचे. ते पाहून काकांनी लहानपणीच अन्नाला नावं ठेवायची नाहीत असं ठरवून टाकलं होतं.

मला नोकरी लागली तेव्हा मी काका-काकूंना मोठ्या हौसेने खांब गावाजवळच्या एका नदीकाठच्या हॉटेलात नेलं. मुंबईचे पर्यटक तिथे ‘अस्सल आगरी थाळी’ खायला येतात. पाण्याच्या बाटलीचा भाव ऐकूनच काकूंची तहान गेली. मग मातीच्या भांड्यातून कालवण आलं. गोड, टोमॅटोचं, आणि त्यात मासा कुठे आहे ते शोधावं लागत होतं. भाकरी इतकी वातड की काकू ती दोन्ही हातांनी ओढत होत्या. काकू मिठागरवाल्या आगऱ्यांच्या घरातल्या, त्यांच्या हातच्या जिताडा माशाच्या कालवणासाठी आम्ही शेजारी कुठलंही कारण काढून जेवायच्या वेळी टपकायचो.

आचारी स्वतः विचारायला आला, कसं काय वाटलं. काका म्हणाले, “झकास. अगदी आमच्या हिच्या हातची चव हाय.”

आचाऱ्याने खूश होऊन आणखी एक वाटी आणली. काकांनी तीही संपवली. परतताना गडब गाव आलं. काकू खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “म्हंजे तीस वरसं मी ह्येच रांदते?” मला त्यांचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मुद्दाम अळणी कालवण केलं. काका म्हणाले, झकास. पुढच्या दिवशी मिरची ओतली. काकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी झकासच. मग काकूंनी बोलणंच बंद केलं आणि काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. आपण बायकोला कधी नावं ठेवली नाहीत, मग ती रुसली कशाला, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी म्हटलं, एकदा खरं काय ते सांगून बघा. ते इतके घाबरले की मलाच सोबत घेऊन गेले.

त्या दिवशी काकूंनी जिताडा मनापासून केला होता, वासावरूनच कळत होतं. काकांनी घास घेतला. सवयीने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. बराच वेळ चावत राहिले. मग ताटाकडेच बघत म्हणाले, “कोकम जरा जास्त पडलाय.”

मी हळूच दाराकडे सरकलो. काकूंनी बोट बुडवून चाखलं.

“व्हय. पडलाय खरा.”

त्यांचे डोळे भरून आले. पळी खाली ठेवून त्या पाट ओढून काकांच्या समोर बसल्या.

“आनि मीठ?”