चार दिवस मशेरीविना

दर गुरुवारी नारायणगावला पुण्याहून पोटाचे डॉक्टर येतात. सुनेनं माझा नंबर लावला, तेव्हा तिथल्या दवाखान्यातल्या बाईनं फोनवर सांगितलं, आजींना पंधरा दिवस वहीत लिहायला लावा. काय खाल्लं, पोट कधी दुखलं, संडासला कसं झालं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं उचलली, म्हणून माझं मीच लिहिलं.

खाण्याचं सगळं लिहिलं हो. बाजरीची भाकरी, मेथी, आळेफाट्याला खाल्लेली भेळसुद्धा. दोन गोष्टी तेवढ्या सोडल्या. एक मशेरी. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांना लावल्याशिवाय सकाळी माझं पोट हलत नाही. ती काय खाण्यात धरतात का? आणि दुसरी, संडास काळी होत होती, डांबरासारखी. ते मुलगा वाचणार, डॉक्टर वाचणार. लाज वाटली. शिवाय मनाशी धरून बसले होते, मशेरी काळी, लाळेबरोबर पोटात जाते, तिचाच रंग असणार.

पण माझ्या थोरल्या बहिणीलाही असंच होत होतं. ती कुणाला बोलली नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ते आठवलं आणि शनिवारी मी मशेरीचा डबा पेटीत टाकला. म्हटलं, डॉक्टरकडं जाईपर्यंत लावायची नाही. रंग बदलला तर सुटले.

डोकं चढलं, तोंडाची चव गेली, माझी दिवसभराची बडबडही आटली.

"आत्या, घरातला रेडिओ बंद पडला काय?" सून म्हणाली.

"सेल संपलेत बाई."

रविवारी काळीच. सोमवारी म्हटलं, आधीचं राहिलेलं असेल. मंगळवारीही तेच. बुधवारी सकाळीही काळीच. आता मशेरीवर ढकलायची सोय राहिली नव्हती.

वही काढली. 'काळी' दोनदा लिहून खोडलं. लिहिलं, 'महिन्यापासून संडास काळी होते. चार दिवस मशेरी सोडली, तरी काळीच.' सून पडवीत कांदे निवडत होती. वही तिच्या पुढ्यात ठेवली आणि खाली बसले.

"महिना झाला? आन आज सांगताय व्हय?"

"तोंडच उघडंना गं. पोराला तू सांग."

तिनं पदराला हात पुसले आणि दवाखान्यातल्या त्या बाईला फोन लावला. माझीच ओळ वाचून दाखवली, एकेक शब्द. मग नुसतं "हो मॅडम, हो मॅडम." मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"पोटात रक्त जात असंल, उद्यापर्यंत थांबू नका म्हणत्यात. आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या. ह्यांना गाडी घेऊन बोलावते. लुगडं बदला."

मी पेटीतला डबा पिशवीत टाकला.

"तो कशाला?"

"डॉक्टरांनी विचारलं तर दाखवायला."

"दाखवायलाच ना?" म्हणत तिनं तो काढून घेतला.

वही मात्र मी कुणाच्या हातात दिली नाही. पोटाशी धरूनच गाडीत बसले.