बसलेल्या पाखरांकडं हात

माणूस समुद्रात पडला आणि बोट वळवलीच नाही, तर त्याला तुम्ही अपघात म्हणाल का? मी म्हणत नाही.

औंढ्याजवळचा मुंजाजी मेंढरं राखायचा. चराईची रानं बंद झाली, तसा धाकट्या भावाला, प्रभूला, घेऊन कोकणात मासेमारी बोटीवर खलाशी झाला. बोट चालवणाऱ्या तांडेलानं त्याला केबिनच्या टपावर उभं केलं. मेंढरांमागं बगळे काहून फिरतात, हे मुंजाजीला ठाऊक होतं. मेंढराच्या पायानं किडे उडतात, बगळा टिपतो. समुद्रातही तोच कारभार. डॉल्फिन खालून मासळी वर रेटतात आणि वरून पाखरं सूर मारतात. घिरट्या दिसल्या की मुंजाजीनं हात करायचा, बोट तिकडं धावायची. इथंबी मेंढरंच, फकत पाण्यातली, असं तो हसत सांगायचा.

एका दुपारी जाळ्याच्या दोराचा हिसका बसून प्रभू पाण्यात गेला. मुंजाजी टपावरून बोंबलला. तांडेलानं मागं पाहिलं, मग पुढं. डॉल्फिनांवरची पाखरं लांब सरकत होती.

"थवा जाईल हातचा. जाळं टाकून वळू."

जाळं भरलं. वळले, तेव्हा नुसतं पाणी होतं.

कागदावर अपघात लागला. मी त्यांच्याच गावचा, दफ्तरादफ्तरात भांडलो, मला हाकलून दिलं. आणि पुढच्या हंगामात मुंजाजी परत त्याच तांडेलाकडं कामाला गेला. गाव थुंकलं. आई पंचफुलाबाईनं बोलणं टाकलं. मी एसटी स्टँडवर गाठून जाब विचारला, तर म्हणाला, "लांडगा त्याच्या घळीतच गाठावा लागतो, भाऊ."

तांडेल खूश. मेंढक्याला दुसरं येतंय काय, म्हणून थट्टा करायचा. मुंजाजी टपावर चढायचा. पाखरं पाण्यावर निवांत बसली म्हणजे मासळी खोल गेली, चरणं संपलं. मुंजाजी बराबर त्याच पाखरांकडं हात करायचा. घिरट्या दिसल्या की त्या बाजूला पाठ. तांडेलाची नजर उन्हानं अधू झालेली. त्याला लांबचा पांढरा ठिपका तेवढा दिसायचा. जाळ्यात पाणी यायचं. हंगाम असाच गेला. शेवटी मालकानं भर बंदरावर तांडेलाच्या हातून बोट काढून घेतली.

तिथंच, सगळ्यांदेखत, मुंजाजी त्याच्यापुढं उभा राहिला.

"मासळी दिसत होती, तांडेल. रोज दिसत होती. तुमी बोट वळवली न्हाई, मी हात वळवला न्हाई."

मुंजाजी घरी आला, तेव्हा पंचफुलाबाईनं स्वतः ताट वाढलं.

पण बोट गेली म्हणजे हिशोब फिटला, असं मी मानत नाही. आता तो तांडेल दुसऱ्यांच्या बोटींसाठी खलाशी गोळा करत आपल्याच भागात फिरून राहिलाय. गालावर डाग, जीभ साखरेची. तुमच्या पारावर आला, तर शिवी देऊ नका. बाज टाका, चहा पाजा, गप्पांत गुंतवा आणि मला नरसी फाट्यावर निरोप धाडा. मी पंचफुलाबाईला घेऊन येतो. तोवर त्याला उठू देऊ नका.