दुसऱ्या वळणावर मस्नाजी पुढे होता

मी घोडेस्वार तुकडीत सोळा वर्षं नोकरी केली. गाव अहमदपूर तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, कामावर वाटायचे ती सुकडी खाल्ली आणि पुढच्या वर्षी भरती झालो. तेव्हा माझ्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद होता. नऊ वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला आणि घरच्या पत्रांवरचा पत्ता बदलला. ही गोष्ट त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली. पोस्टिंग उत्तरेत होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर लान्स दफेदार मस्नाजी असे. तो नांदेड जिल्ह्यातला, कंधारकडचा. आमच्या भागातले आम्ही दोघंच. त्याच्या वडिलांचं बाजाराचं ओझं वाहणारं एक तट्टू होतं. दुष्काळात कडबा मिळाला नाही, ते मेलं. मस्नाजी त्याविषयी एकदाच बोलला.

पहाटे पाचला स्टेबल. पाणी, खरारा, नाल तपासणी. साडेसहाला राइडिंग. रविवारी मेजर साहेब देशोदेशीच्या शर्यतींचे फोटो दाखवायचे. इंग्लंडची हिरवळ, अरबांची वाळू. मंगोलियात तर मोकळ्या माळावर मैलोन् मैल घोडी पळवतात.

मी विचारलं, "साहेब, लोक एवढ्या लांबून पैसे लावायलाच येतात का?"

"तसे बरेच असतात. पण फोटोत बघ. घोडे जवळ आले की कोणी बसलेलं दिसतं का?"

बराकीत परतताना मस्नाजी म्हणाला, "आमच्याकडं माळेगावच्या जत्रंत बी असंच हाय. घोडं पळालं की म्हातारी माणसं काठी इसरून उभी ऱ्हातात."

वार्षिक शर्यत दुपारी तीनला होती. दोन मैल, आठ घोडे. आसपासच्या गावचे लोक बघायला आले होते. कडेला नुसता दोर बांधलेला.

खोगिराचा तंग आवळताना मस्नाजी म्हणाला, "शिवलिंग, आज लई धूळ खाशील."

"बघू की."

रिसालदार साहेब ओरडले, "माउंट!" झेंडा पडला.

दुसऱ्या वळणावर तो सगळ्यांच्या पुढे होता, मी त्याच्या मागे दोन घोड्यांच्या अंतरावर. तिथेच गर्दी रेटली आणि दोर तुटला. एक बाई ट्रॅकवर पडली. तिच्यामागे दहा-बारा माणसं. एवढ्या वेगात घोडा थांबत नाही. मस्नाजीने उजवा लगाम सगळ्या अंगाने खेचला. उजवीकडे दगडी नाली होती. तो आणि घोडा दोघेही तीत गेले.

माझी घोडी माणसं आणि नाली यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून निघाली. मी लगाम ओढत होतो. ती थांबली तेव्हा फिनिश लाइन मागे पडली होती. असा मी पहिला आलो.

मागे फिनिशवरच्या वायरलेसवर आवाज : "कंट्रोल, सेकंड टर्न. राइडर डाउन. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

मी पळत गेलो. मस्नाजी शुद्धीवर होता.

"बाई?"

"उभी हाय. काही झालं न्हाई तिला."

"अन् घोडं?"

"उठलं," मी म्हणालो. ते उठलं नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलमध्ये तो गेला. वय एकोणतीस.

कप माझ्या नावावर लागला. तो मी स्क्वाड्रनमध्येच ठेवला आणि मस्नाजीची ट्रंक घेऊन त्याच्या गावी गेलो. कंधारहून एसटी, मग पायी. वडिलांनी ट्रंक उघडली नाही. पाणी दिलं. बाई कशी पडली, तो कसा वळला ते मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "पळण्यात कितवा होता त्यो?"

"सगळ्यात पुढं होता, काका."

त्यांनी मान हलवली. "अन् ती बाई कोण? नाव काय तिचं?"

"गर्दीत निघून गेली. विचारायचं राहिलं."

"असू दे. हाय न्हवं ती?"

"हाव काका. हाय."